ओहोटीची खाडी टेबलावर: १:५० प्रमाणाचा डायोरामा कसा बांधावा, फोटो कसा काढावा

डायोरामा, म्हणजे एखाद्या खऱ्या देखाव्याची छोटी प्रतिकृती, टेबलावर बघताना झकास वाटतो आणि फोटोत आला की खेळणं दिसतो. कारणं बहुतेक वेळा तीनच असतात: कण मोठे, चकाकी भलत्याच जागी आणि पुढचं-मागचं धूसर. पहिल्या दोन्हींवर इलाज बांधतानाच करावा लागतो, कॅमेरा हातात घेतल्यावर उशीर झालेला असतो. म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी कॅमेरा कुठे बसणार ते ठरवायचं, मग त्या जागेवरून जेवढं दिसेल तेवढंच बांधायचं.

देखावा घेतलाय ठाणे खाडीचा: ओहोटीला उघडा पडलेला चिखल, तिवरांची रांग, चिखलात कललेली एक होडी, मध्ये पाण्याची चिंचोळी पट्टी आणि तिच्यात चरणारे फ्लेमिंगो. ठाणे-नवी मुंबईकरांना हा देखावा रोज ऐरोली किंवा वाशीच्या पुलावरून दिसतो, त्यामुळे चूक लपत नाही. २०२२ मध्ये ही खाडी रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा म्हणून जाहीर झाली. जवळून संदर्भ-फोटो हवे असतील तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून हंगामात बोटीची फेरी असते. मोबाइलमध्ये चिखलाचे, मुळांचे, खांबांवरच्या भरतीच्या रेषेचे जवळचे फोटो भरपूर काढून ठेवा. पक्ष्यांचे सगळेच काढतात, चिखलाचे कोणी काढत नाही, आणि कामाला येतो तो चिखल.

प्रमाण आणि कॅमेऱ्याची जागा

१:५० घ्यायचं कारण हिशेब सोपा: खरा एक मीटर म्हणजे मॉडेलवर २ सेंमी. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांचं सामान ठेवणाऱ्या दुकानांत या प्रमाणाची माणसंही तयार मिळतात. साडेपाच फुटांचा माणूस साधारण ३.४ सेंमी, सहा मीटरची होडी १२ सेंमी, चार मीटरचं तिवर ८ सेंमी. मोठा फ्लेमिंगो अडीच सेंमीच्या आसपास, छोटा पावणेदोन सेंमीच्या आत. दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि तिथे ते शोभतंही. इथे एक पक्षी जरी दीडपट झाला तरी सगळी खाडी आक्रसते.

पाया ४० × ३० सेंमीचा, ४० सेंमीची बाजू कॅमेऱ्याकडे. माणसाच्या डोळ्याची उंची १.६ मीटर धरली तर लेन्सचा मध्य चिखलाच्या पृष्ठभागापासून ३.२ सेंमीवर आला पाहिजे. याच्यापेक्षा वर गेलात की फोटो ड्रोनचा दिसतो, किंवा खरं सांगायचं तर टेबलाशी उभं राहून काढलेला दिसतो. मोबाइलची लेन्स वरच्या टोकाला असते, म्हणून मोबाइल उलटा धरायचा, म्हणजे लेन्स खाली येते. खाली एक-दीड सेंमीचं टेकण दिलं की उंची जमते.

आता रुंदी. मोबाइलचा १एक्स कॅमेरा पायाच्या पुढच्या कडेपासून १५ सेंमी मागे ठेवला तर त्याला पुढच्या कडेवर सुमारे २० सेंमी आणि मागच्या कडेवर सुमारे ६० सेंमी रुंदी दिसते. पाया ४० चाच, म्हणजे मागे दोन्ही बाजूंना टेबल दिसणार. २एक्सवर हेच आकडे १० आणि ३० होतात आणि देखावा फ्रेममध्ये नीट बसतो. म्हणून २एक्स, किंवा मोठा कॅमेरा असेल तर ५० मिमीच्या बरोबरीची लेन्स. पायावर पेन्सिलने हा पुढे अरुंद, मागे रुंद असा पट्टा आखून घ्या. पट्ट्याबाहेर नुसता चिखल फासला तरी चालतो, तिथे मेहनत घालू नका. होडी पुढच्या कडेपासून १२ ते १५ सेंमी आत. अगदी पुढच्या कडेला ठेवली तर ती अख्खी मावणारच नाही.

पुढच्या कडेला चौकटीची उभी पट्टी अजिबात लावू नका. शोकेससाठी ती छान दिसते, पण लेन्स ३ सेंमीवर आली की तीच अर्धा फोटो खाते.

कुठल्या काठावरून बघताय

हे आधी ठरवलं नाही तर मागचा पडदा आणि उजेड एकमेकांशी भांडतात. ठाणे-मुलुंडच्या बाजूने बघितलं की तोंड पूर्वेकडे, मागे पारसिकचा डोंगर आणि नवी मुंबईतल्या इमारती. संध्याकाळचं ऊन कॅमेऱ्याच्या पाठीमागून येतं. नवी मुंबईच्या बाजूने बघितलं की तोंड पश्चिमेकडे, मागे येऊर-पवईच्या बाजूच्या टेकड्या आणि सूर्यास्त समोर. पारसिकच्या डोंगरामागे मावळणारा सूर्य दाखवलात तर इथला कुठलाही माणूस दोन सेकंदांत पकडेल.

वेळेचंही तसंच. पौर्णिमा-अमावस्येला मुंबई परिसरात भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास असते, म्हणजे उधाणाची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास. तिरपं ऊन आणि लांबवर उघडा चिखल एकत्र दिसायचा तो या दिवसांत. अष्टमीच्या सुमारास भांगाचं पाणी असतं: ओहोटी भर दुपारी आणि तीही अर्धवट, चिखल कमी उघडा पडतो. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबर ते मे, म्हणून ते ठेवायचे असतील तर काळे पावसाळी ढग नकोत.

या लेखात पुढे ठाण्याचा काठ, तोंड पूर्वेला, संध्याकाळ, असं धरलं आहे.

पाया

१२ मिमीचा मरीन प्लाय घ्या. एमडीएफ स्वस्त आणि सपाट मिळतो, पण त्यावर ओला थर देताच कडा फुगतात आणि जून उजाडला की उरलासुरला बोर्डही केळीच्या पानासारखा वाकतो. प्लायलाही दोन्ही बाजूंनी आणि कडांना ऑइल पेंटचा किंवा वॉर्निशचा हात द्या. एकच बाजू रंगवली तर दुसरीकडून ओल शिरते आणि बोर्ड त्या बाजूने ताणला जातो.

चढ-उतारासाठी टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातून आलेला थर्माकोल चालतो, पण दाणे सुटतात. साइनबोर्डवाल्यांकडचा सनबोर्ड जास्त बरा. खाडीकाठी उंचीचा फरक फार नसतो: पाण्याच्या पट्टीपासून तिवरांच्या बुंध्यापर्यंत मॉडेलवर दीड ते दोन सेंमी पुरे, म्हणजे प्रत्यक्षात पाऊण ते एक मीटर. थर्माकोल चिकटवायला फेविकॉलच. रबर सोल्युशन, फेविक्विक आणि डब्यातला स्प्रे पेंट थर्माकोल खातात, कारण त्यांच्यातली रसायनं पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोलचं प्लास्टिक, विरघळवतात. स्प्रे मारायचाच असेल तर आधी फेविकॉल-पाण्याचे दोन हात देऊन थर्माकोल पूर्ण बंद करा.

चिखल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, फ्रेमचा निम्मा भाग हाच असतो.

पहिला मोह खऱ्या मातीचा. ०.२ मिमीचा बारीक वाळूचा कण १:५० मध्ये एक सेंटिमीटरचा खडा होतो. चौपाटीची वाळू टाकलीत तर ती खडी दिसते. खाडीचा चिखल प्रत्यक्षात लोण्यासारखा असतो, त्यात कण दिसतच नाही, मग मॉडेलवरही दिसता कामा नये. आणि खाडीतून चिखल आणायचा तर विचारही नको. त्यातलं मीठ हवेतली ओल ओढत राहतं, थर कधी पुरता सुकत नाही, आणि कोरड्या दिवसांत वर पांढरी बुरशीसारखी पूड फुलते. शिवाय कांदळवन, म्हणजे तिवरांचं जंगल, संरक्षित आहे. तिथली फांदी, मूळ, माती, काहीच उचलायचं नाही.

मिश्रण असं: भिंतीला लावायची पांढऱ्या सिमेंटची पुट्टी ४ भाग, फेविकॉल १ भाग, पाणी अंदाजे दीड भाग, सगळं वजनाने. ४० × ३० च्या पायाला ५०० ग्रॅम पुट्टी आणि १२५ ग्रॅम फेविकॉल भरपूर झालं. पुट्टी आधी मलमलच्या कपड्यातून चाळा. चहाची गाळणी पुरत नाही, तिच्यातून गोळ्या जातात. रंग मिश्रणातच घाला: रॉ अंबर (मातकट तपकिरी) तीन चमचे, पेन्स ग्रे (निळसर गडद राखाडी) एक चमचा. पांढरी पुट्टी रंग गिळते, त्यामुळे ओला असताना हवा त्यापेक्षा बराच गडद ठेवा. आतपर्यंत रंग असण्याचा फायदा असा, की पुढे कुठे टवका उडाला तरी पांढरं डोकावत नाही.

थर २ ते ३ मिमी, त्याहून जाड नाही. जाड थराचा वरचा पापुद्रा आधी सुकून आकसतो, खालचा ओला राहतो, आणि मध्ये तडा जातो. जास्त उंची हवी असेल तर थरावर थर द्या, मध्ये रात्रभर थांबा. मे महिन्यात थर एका दिवसात सुकतो, जुलैत दोन दिवसही अपुरे पडतात. हेअर ड्रायर मारू नका, तडे त्यानेच सर्वात जास्त जातात. काही तडे मात्र हवे असतात: तिवरांजवळचा उंचावरचा चिखल उधाणाखेरीज भिजत नाही, तो भेगाळतो. तिथे मुद्दाम फेविकॉल न घातलेल्या पुट्टीचा ४ मिमी जाडीचा पट्टा द्या, भेगा आपोआप येतील.

थर अर्धवट घट्ट झाला, बोट लावल्यावर ठसा उठतो पण चिकटत नाही, अशा वेळी कोरीवकाम करायचं. उन्हाळ्यात ही वेळ अर्ध्या तासाने येते. ओहोटीचं पाणी चिखलातून उतरताना झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक नाल्या पाडतं. पाण्याच्या पट्टीकडून सुरुवात करून ओल्या ब्रशच्या टोकाने त्या वर ओढत न्या: तोंडाशी ४-५ मिमी रुंद, वर जाता जाता केसाएवढ्या, नागमोडी. सरळ रेघ मारली की नाली गटारासारखी दिसते. पायांचे ठसे, होडी ओढल्याची घसरण, तेही आत्ताच. मऊ चिखलात माणूस चालला की नुसतं पाऊल उमटत नाही, खड्डा पडतो: मॉडेलवर २ मिमी रुंद, १ मिमी खोल, आणि दोन खड्ड्यांत सेंमीभर अंतर.

तिवर आणि त्याची मुळं

खोडासाठी जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारा. दीड स्क्वेअर मिमीच्या लवचिक वायरीत ०.२५ ते ०.३ मिमीच्या वीस-तीस तारा निघतात. ११ सेंमीचा तुकडा सोलून घ्या. खालचे २ सेंमी पिळून बुंधा, मग दोन-तीन झुपक्यांत फोडा, प्रत्येक झुपका पुन्हा फोडा. तिवर सरळसोट वाढत नाही, बुंध्यापासूनच वाकडं होऊन पसरतं, त्यामुळे वाकवताना हात सैल सोडा. शेवटी उंची ८ सेंमीच्या आसपास येते. वरून फेविकॉल-पुट्टीचा पातळ लेप दोनदा, म्हणजे तारांचा पीळ झाकतो. पीळ दिसला तर झाड पॅकिंगच्या दोरीचं वाटतं.

पानं प्रत्यक्षात ४ ते ८ सेंमी, म्हणजे मॉडेलवर एक-दीड मिमी. स्पंज मिक्सरच्या जुन्या भांड्यात पाण्यासोबत फिरवून, पिळून, रंगवून, सुकवून चाळला की हा आकार मिळतो. रंग पोपटी नको. तिवराचं पान वरून राखाडी झाक असलेलं हिरवं आणि खालून फिकट रुपेरी असतं. हिरव्यात थोडा राखाडी मिसळा, आणि चुऱ्याचा पाचवा हिस्सा वेगळा काढून जवळपास पांढुरका ठेवा. फांद्यांवर फेविकॉल लावून आधी गडद चुरा, मग पांढुरका चुरा फक्त चिमटीने इथे-तिथे. वारं लागून काही पानं उलटली आहेत असं वाटतं. वाळलेली कोथिंबीर, ओव्याची पानं वगैरे वापरू नका, वर्षभरात तपकिरी होतात आणि त्यात किडे होतात.

श्वसनमुळं विसरलात तर तिवर तिवर राहत नाही, कुठलंही झुडूप होतं. बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी, १० ते २० सेंमी उंच मुळं. मॉडेलवर उंची २ ते ४ मिमी, जाडी पाव मिमीच्या आत. टूथब्रशचे केस या मापात तंतोतंत बसतात आणि एका ब्रशमध्ये हजाराच्या वर केस निघतात. तीन-चार केस चिमट्यात धरून, टोकाला फेविकॉल लावून, अर्धवट घट्ट चिखलात टोचायचे आणि बारीक कात्रीने वरून कापायचे. सगळे एका उंचीला कापले तर टूथब्रशच दिसतो, म्हणून कात्री तिरकी धरा, दर वेळी वेगळी. बुंध्याजवळ दाट: मॉडेलवरच्या २ × २ सेंमीच्या चौकोनात वीसएक. दूर जाताना विरळ, आणि थोडी रांगेत, कारण ती जमिनीखालच्या एका आडव्या मुळातून फुटतात. रांगा बुंध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर जातात. हे कंटाळवाणं काम आहे. कॅमेऱ्याच्या पट्ट्यात येणाऱ्या झाडांनाच करा, मागच्या रांगेला चिखलावर सुकलेल्या ब्रशने ठिपके पुरतात.

शेवटी भरतीची रेषा. भरतीचं पाणी जिथवर चढतं तिथवर बुंधे, मुळं आणि खालची पानं चिखलाच्या राखाडी पापुद्र्याने माखलेली असतात, वर एकदम स्वच्छ हिरवं. ही रेषा सगळ्या झाडांवर एकाच पातळीत हवी, जमिनीपासून मोजून नव्हे. डायोरामाचा पाया सपाट टेबलावर ठेवा, एका ठोकळ्यावर पेन्सिल आडवी बांधून सगळ्या बुंध्यांवरून फिरवा आणि त्या खुणेखाली पातळ राखाडी रंग घ्या. होडी बांधायचा खांब असेल तर त्यावरही तीच पातळी.

पाणी: रेझिनवर पैसे घालवू नका

पारदर्शक इपॉक्सी रेझिन पहाडी झऱ्याला शोभतं. आपल्या खाडीचा तळ बोटभर पाण्यातही दिसत नाही. मग पारदर्शक थर ओतून त्याखाली तळ रंगवण्याला अर्थ काय? पट्टी गुळगुळीत पुट्टीने सपाट करा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, चिखलापेक्षा किंचित फिकट हिरवट-तपकिरी रंगवा, आणि वर पाण्यात मिसळणाऱ्या ग्लॉस वॉर्निशचे पाच-सहा पातळ हात द्या. निळा रंग पाण्याला द्यायचा नाही, निळेपण आकाशाच्या प्रतिबिंबातून येतं आणि ते फोटोत आपोआप पडतं. शेवटचा हात ओला असतानाच ब्रश आडवा टेकवत गेलात की एक मिमीच्या लाटा उठतात, खऱ्यातल्या पाच सेंमीच्या. यापेक्षा मोठ्या लाटा खाडीच्या चिंचोळ्या नालीत नसतात.

तरीही रेझिन वापरायचंच असेल तर: दोन्ही भाग वजनाने, डब्यावर दिलेल्या प्रमाणात, स्वयंपाकाच्या डिजिटल काट्यावर मोजा. अंदाजाने ओतलेलं रेझिन कायमचं चिकट राहतं. एका वेळी २-३ मिमीच. जास्त ओतलं तर ते स्वतःच तापतं, पिवळं पडतं आणि खालचा थर्माकोल वितळवतं. आणि ते खांबांवर, पक्ष्यांच्या पायांवर थोडं वर चढून बसतं. ही दोन मिमीची चढण म्हणजे प्रत्यक्षात दहा सेंमीचा पाण्याचा डोंगर. सुकल्यावर तिच्यावर मॅट रंगाचा हात द्यावा लागतो.

खरं पाणी कधीच नको. थेंबाचा आकार प्रमाणात लहान होत नाही.

होडी आणि पक्षी

होडीला लग्नपत्रिकेचा जाड कार्ड पुरतो. तळ १२ सेंमी लांब, मध्ये ३ सेंमी रुंद, बाजू दीड सेंमी. जोडून झाल्यावर आतून-बाहेरून फेविक्विक पाजलं की कार्ड प्लास्टिकसारखा टणक होतो, मग पुट्टी, मग पॉलिश पेपर. हे काम खिडकीजवळ करा, वाफ डोळ्यांना झोंबते. होडी चिखलावर ठेवू नका, चिखलात बसवा: ओला थर देताना ती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून दाबून कलती करा आणि सुकल्यावर काढून रंगवा. दोरीला ०.४ मिमीचा शिवणाचा दोरा, पण मेणबत्तीवरून ओढून. दोऱ्याचे उभे राहिलेले तंतू फोटोत फांद्यांएवढे दिसतात. जाळ्याच्या ढिगाऱ्याला मच्छरदाणी घेऊ नका, तिचं छिद्र इथे चार बोटं रुंदीच्या जवळ जातं. ऑर्गेंझाच्या कापडाची चुरगळलेली कात्रण, फेविकॉल-पाण्यात भिजवून, बरी.

फ्लेमिंगोचे पाय आणि मान त्याच तांब्याच्या एकेरी तारेची, अंग तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढ्या एम-सीलचं. एम-सील अर्ध्या तासात घट्ट होऊ लागतं, म्हणून एका वेळी पाच-सहा पक्ष्यांपुरतंच मळा. वीसेक पक्षी पुरे. बहुतेकांची मान खाली, चोच पाण्यात उलटी, तीन-चारच मान वर करून. मोठा फ्लेमिंगो जवळपास पांढरा, गुलाबी चोच, काळं टोक. छोटा जास्त गुलाबी, चोच गडद. थव्यात दोन-तीन राखाडी-तपकिरी पिल्लंही ठेवा, सगळे सारखे गुलाबी केले की लग्नातला डेकोरेशनचा सेट दिसतो. मागच्या कडेला अर्ध्या मापाचे, निव्वळ रंगाचे ठिपके असलेले पक्षी लावले तर खोली वाढते.

चकाकी

ग्लॉस फक्त पाण्यावर, नाल्यांत आणि पाण्यालगतच्या दोन-तीन सेंमीच्या ओल्या पट्ट्यावर. तो पट्टा वर जाता जाता विरत जावा: ग्लॉस, मग ग्लॉस-मॅट निम्मे-निम्मे, मग मॅट. होडी, झाडं, माणसं, सुका चिखल पूर्ण मॅट. डब्यातला मॅट स्प्रे दमट दिवशी मारला की वर पांढुरकी धुकट साय येते, कारण द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. पावसाळ्यात स्प्रे विसरा, ब्रशने लावायचं पाण्यातलं मॅट वॉर्निश वापरा.

फोटो

मागचा पडदा ए१ आकाराचा, मॅट कागदावर छापलेला, पायाच्या मागे ६० सेंमीवर. चकचकीत फ्लेक्स दिव्याचं वर्तुळ दाखवतो. पडद्यावरची क्षितिजरेषा लेन्सच्या उंचीवर, म्हणजे चिखलापासून ३.२ सेंमीवर आलीच पाहिजे. क्षितिज कायम बघणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीत असतं, ते वर-खाली झालं की जमीन आणि आकाश वेगवेगळ्या फोटोंतून कापल्यासारखे वाटतात. पारसिकचा डोंगर छापताना फिका आणि निळसर करा, काळा अजिबात नको. धुक्यासाठी उदबत्तीचा धूर सोडू नका, त्याची वेटोळी प्रमाण उघड करतात. पाया आणि पडदा यांच्या मध्ये पांढऱ्या नेटचा एक पातळ पडदा ताणला की संध्याकाळची धूळभरली हवा मिळते.

मुख्य उजेड एकाच दिव्याचा. सूर्याचं बिंब आकाशात सुमारे अर्धा अंश जागा व्यापतं, आणि दोन सेंमी तोंडाची बॅटरी दोन मीटरवर ठेवली की तीही जवळपास तेवढीच दिसते. त्यामुळे सावलीची कड उन्हासारखी येते. टेबल-लॅम्प अर्ध्या मीटरवर ठेवला तर सावल्या पंख्यासारख्या फाकतात, आणि दिवा जवळ आहे हे फोटो बघणाऱ्याला न सांगता कळतं. सूर्य १५ अंशांवर हवा असेल तर दोन मीटर अंतरावर दिवा देखाव्यापेक्षा ५४ सेंमी उंच. ठाण्याच्या काठाचा संध्याकाळचा देखावा असल्याने दिवा कॅमेऱ्याच्या मागे आणि थोडा डावी-उजवीकडे. नेमका पाठीमागे ठेवला तर कॅमेऱ्याचीच सावली चिखलात पडेल. सावल्या अगदी काळ्या पडू नयेत म्हणून वर पांढरी चादर ताणून तिच्यावर दुसरा मंद पांढरा दिवा टाका. घरातली ट्यूब बंद. व्हाइट बॅलन्स ५२०० केल्व्हिनवर कुलूपबंद ठेवा, ऑटोवर सोडलं तर कॅमेरा संध्याकाळची पिवळाई पुसून टाकतो.

गच्चीत खऱ्या उन्हात काढलं तर दिव्याचा आणि पडद्याचा प्रश्नच मिटतो, फक्त वारा आणि धूळ वाढतात. पावसाळी देखाव्याला तर ढगाळ दिवसाची बाल्कनी सर्वात चांगली.

फोकस. प्रत्यक्षात दहा-पंधरा मीटरवरून काढलेल्या फोटोत पुढून मागेपर्यंत सगळं स्पष्ट असतं. १५ सेंमीवरून काढल्यावर दोन-चार सेंमीच स्पष्ट येतं, आणि डोळा त्या धूसरपणावरूनच वस्तू लहान असल्याचं ओळखतो. मोबाइलमध्ये सगळं फोकसमध्ये येतं हा समज जुन्या, छोट्या सेन्सरच्या मोबाइलपुरता होता. पोर्ट्रेट मोड तर बंदच ठेवा, तो वरून आणखी धूसर करतो. उपाय फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एकच स्पष्ट फोटो करणं: प्रो मोडमध्ये फोकस हाताने पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरकवत ८ ते १५ फोटो, कॅमेरा तसूभर न हलवता. मोठ्या कॅमेऱ्यावर एफ/११, आयएसओ १००. एफ/२२ वर जाऊन एकाच फोटोत भागवू नका, इतक्या लहान छिद्रातून प्रकाश पसरतो आणि सगळंच मऊ पडतं. जोडायला हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर किंवा फोटोशॉपचं ऑटो-ब्लेंड.

एवढ्या कमी उजेडात एकेक फोटो काही सेकंदांचा होतो. ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर, आणि पंखा बंद. एप्रिलमध्ये हे जिवावर येतं, पण पंख्याने तिवरांची पानं हलतात आणि जोडलेल्या फोटोत प्रत्येक झाडाला दोन-दोन कडा येतात. रेल्वेलाइनला लागून घर असेल तर दोन गाड्यांच्या मधली वेळ गाठा. जोडलेल्या फोटोत पुढच्या वस्तूभोवती प्रभा दिसली तर फोकसच्या दोन टप्प्यांत अंतर जास्त पडलं आहे, मधले चार फोटो वाढवा.

क्लिक करण्याआधी स्क्रीनवर फोटो पूर्ण मोठा करून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघा. कपड्याचा पाच मिमीचा तंतू म्हणजे पाव मीटरची दोरी. फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे ग्लॉसवर बसतात. मेकअपचा मऊ ब्रश किंवा लेन्सचा रबरी ब्लोअर वापरा. एकदा फोटो कृष्णधवल करूनही बघा: रंग गेल्यावरही खाडी वाटली तर मोठ्या कणांची आणि चुकीच्या चकाकीची शंका मिटली. नाही वाटली तर बहुतेक वेळा दोष सुक्या चिखलावर राहून गेलेल्या ग्लॉसचा निघतो, तिथे मॅटचा एक हात आणि पुन्हा फोटो.

काम झाल्यावर डायोरामा ॲक्रिलिकच्या झाकणाखाली ठेवा, आत कोपऱ्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुड्या जूनच्या आधी बदला. कुठे बुरशीचा पांढरा ठिपका दिसला तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या बारीक ब्रशने टिपा, पण ग्लॉसला स्पिरिट लागू देऊ नका, ते वॉर्निश विरघळवतं.